स्कार्फच्या कोपऱ्यातलं नाव

चि. मंजुश्रीस, अप्पाचा आशीर्वाद.

काल उदगीरच्या आपल्या दुकानात एका पोरीनं तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला. "काका, याला मॅचिंग कापड दाखवा."

सवयीनं मी आधी चिमटीत चोळून बघितलं. "रेशीम अस्सल हाय. छाप कुठली?"

"छाप न्हाई काका, मोठ्या चित्रकार बाईचं चित्र हाय!"

मग नीट बघितलं, तर आपल्या अंगणात ज्वारी पाखडणारी तुझी आई. कोपऱ्यात सही, मंजुश्री ईश्वरप्पा.

चित्रकलेला निघालीस तेव्हा मीच ओरडलो होतो, "माझं नाव लावू नको." तरी लावलंस.

"ओळखता का काका?"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी म्हणालो, "न्हाई."

तेवढ्यात तुझी आई आतून आली. "पोरी, ती माझी लेक हाय."

माझी म्हणाली. आमची न्हाई.

तुझा,
अप्पा