अंबादासी नावाची वनस्पती

१८ जुलै १९६६, लोहारा
हायस्कूलचे सायन्सचे मास्तर वसंतराव शेजारी राहायला आले. त्यांच्याकडं झाडांच्या लॅटिन नावांचं इंग्रजी पुस्तक आहे. कडुलिंबाचं नाव वाचून दाखवलं, अझाडिरॅक्टा. मी उडालोच. हे तर आझाद दरख्त, म्हणजे स्वतंत्र झाड! शुद्ध फारसी. चिंच टॅमरिंडस, म्हणजे तमर-ए-हिंद, हिंदुस्थानचा खजूर. मास्तर बघतच राहिले. निजाम गेल्यापासून माझ्या उर्दू चौथीला कुणी विचारलं नव्हतं. थोडक्यात, अर्धं लॅटिन मला येतंच. उरलेलं दिवाळीपर्यंत.

२३ जुलै
लॅटिन जमलं नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.
एक गोष्ट मात्र कळली. बोगनवेलीचं नाव एका फ्रेंच दर्यावर्दीवरून, डेलियाचं एका स्वीडिश माणसावरून. नवीन झाड सापडलं की माणसाचं नाव देतात, शेवटी 'ई' लावून. मी अंबादास, म्हणजे अंबादासी.
थोरले बंधू नारायणराव गेले, पण शाळेच्या कोनशिलेवर त्यांचं नाव आहे. माझं रेशनकार्डावर आहे. मी गेलो की तेही खोडतील.

२ ऑगस्ट
सापडलं! परसात, आमची ही, गिरिजा, रेशनचा गहू चाळून कचरा टाकते त्याच कोपऱ्यात. पानं गाजरासारखी, फुलं बारीक, पांढरी. लोहाऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. बब्रुवान गवळ्याला दाखवलं. म्हणाला, "न्हाय बा ठावं काका. पण शेळी तोंड लावंना, म्हंजी कायतरी येगळंच हाय." माझंही तेच मत. साधंसुधं झाड शेळी सोडत नाही.
गिरिजा म्हणाली, गव्हाबरोबर आलं असेल. हिला बॉटनीतलं काय कळतं! नाव सांगितलं, तर म्हणे, "दासी म्हणायला एक मी आहे की घरात."

१० ऑगस्ट
बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रोज पाणी. वसंतराव म्हणाले, "घाई नको काका. दिवाळीत पुण्याला जाईन, तेव्हा प्रोफेसरांना दाखवतो." दिवाळी! तोवर झाड जळालं तर? प्रोफेसरानं स्वतःचंच नाव ठोकून दिलं तर?
हातांना खाज. नवा साबण बंद.

२९ सप्टेंबर
एका झाडावर भरवसा ठेवणं बरं नाही. बी वाटायला घेतलं. देवळाच्या बागेत टाकलं. शाळेच्या कोनशिलेभोवती स्वतः पेरलं. दादांच्या नावाला शोभा येईल. कस्तुराबाईच्या वावराच्या बांधावरही. तिनं विचारलं, "हे खायचं का लावायचं, काका?" म्हणालो, सायन्ससाठी आहे. बिचारीनं पदर पसरून घेतलं.
शिंका थांबत नाहीत. हवा बिघडलीय. लॅटिन थंडीत सुरू करावं.

२० नोव्हेंबर
वसंतराव पुण्याहून आले. मी एस.टी. स्टँडवरच गाठलं. म्हणाले, "आधी चहा घेऊ, काका." 
झाडाला नाव आहे. आधीपासून. पार्थेनियम. ग्रीकमध्ये पार्थेनोस म्हणजे कुमारिका. परदेशी तण आहे, अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. पुण्याकडं माळच्या माळ भरलेत. खाज त्याचीच, शिंकाही त्याच्याच. "फुलायच्या आत उपटा काका, एका झाडाला हजारो बिया."
कुमारिकेला हजारो पोरं! असली नावं ठेवणाऱ्यांचा काय भरवसा? शिवाय वाटेत झाड वाळलं होतं. प्रोफेसरांनी नीट पाहिलंच नसेल. मी विचारलं, नावाच्या शेवटी कुठं जागा शिल्लक आहे का? वसंतरावांनी माझ्याही चहाचे पैसे दिले.

३० नोव्हेंबर
परसातलं उपटलं. गिरिजा त्याच कोपऱ्यात पुन्हा गव्हाचा कचरा टाकून गेली. 
शाळेवरून चक्कर मारली. झाडं चांगली छातीएवढी झालीत. कोनशिलेवरचं दादांचं नाव दिसत नाही. वाईट वाटलं. फार नाही.

१२ ऑगस्ट १९६७
यंदा कस्तुराबाईचं सगळं वावर त्यानं भरलंय. जवारी दिसेना. चूक माझी नव्हे, बियांची. तरी उपटू लागावं म्हणून सकाळी गेलो. बांधावरूनच तिचा आवाज ऐकू आला: "अंबादास मुळासकट उपटा गं! वरनं तोडला की लईच माजतो."
थबकलो. अंबादास?
वाटेत बब्रुवान भेटला होता, तोही म्हणाला होता, "काका, अंबादासानं शेळ्यांचं कुरण खाल्लं." मला वाटलं, दुसरा कुणी असेल. म्हणजे गावभर हेच नाव आहे! पुस्तकात नाही, पण लोहाऱ्यात पुस्तक वाचतो कोण? तोंडात बसलेलं नाव कोनशिलेहून पक्कं. शेवटी 'ई' नाही, एवढंच. छाती भरून आली.
मला बघून कस्तुराबाई ओशाळली. "या काका," म्हणाली. शेजारी माकणीहून रोजानं आलेली सत्यभामा होती. तिला सांगितलं, "हे आमचे अंबादासकाका."
सत्यभामेनं कंबर सरळ केली. हातातल्या जुडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"अगं बया," म्हणाली, "ह्या गवताचं नाव ठिवलंय व्हय म्हाताऱ्याला?"
कस्तुराबाईनं तोंडात पदर कोंबला. मी खाली बसून उपटू लागलो. मुळासकट.