नंबर तोच होता

४ मार्च

सत्तर! सिस्टरनं आकडा एवढ्या मोठ्यांदा सांगितला की बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळला. सहावा महिना आहे, वजन वाढणारच ना? पण डॉक्टरीणबाईंनी जुनंच दळण दळलं — माझ्या थोरलीच्या, ठकीच्या वेळी बीपी चढलं होतं, ठकी दीड महिना आधीच काढावी लागली, आणि त्यानंतर माझं वजन अकरा किलोनं वाढलं. दुसऱ्या खेपेच्या आधी उतरवा म्हणून त्यांनी बजावलं होतं. हो, बजावलं होतं. उतरवलंही! अकरातले सहा. जिने चढून, उपाशी राहून, चिडून चिडून. ते सहा कुणालाच दिसत नाहीत. उरलेले पाच मात्र गावाला दिसतात.

आज बीपी ठीक. पण रोज सकाळी घरी मोजायचं, म्हणून यंत्र घ्यायला लावलं.

७ मार्च

सासूबाईंनी आज माझ्या ताटातला भात चमच्यानं परत काढला. माझ्यादेखत. आणि तो गेला कुठे? काडीच्या ताटात!

काडी म्हणजे माझी नणंद. लहानपणापासून काडीसारखी, म्हणून काडी. तिचा नवरा जहाजावर असतो, तेव्हा बाळंतपण होईपर्यंत ती आमच्याकडेच राहणार. तिची पहिली खेप, माझ्याहून महिनाभर पुढे. एका टेबलावर दोन पोटुश्या, पण एकीला आग्रह आणि एकीवर पहारा. बिचारी काडी खाली मान घालून जेवली. तिच्यावर राग नाही माझा. कुणावर आहे तेही नीट कळत नाही.

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच करते ती. भलं! माझ्या भल्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

११ मार्च

मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात एक बाई — दांडी सैल झाली म्हणून आली होती. मी स्क्रू आवळेपर्यंत माझं पोट न्याहाळत बसली. मग म्हणाली, जुळी आहेत का? मी म्हटलं, नाही, एकच आहे, बाकीची मी आहे.

मालक हसले. मला हसू आलं नाही.

१४ मार्च

बीपी जरासं वर. सासूबाईंनी माझं मीठ बंद केलं. डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्याच नव्हत्या. अळणी जेवून अळणी झोपले.

१९ मार्च

आज तोंडावरच विचारलं डॉक्टरीणबाईंना — हे सगळं माझ्या वजनामुळेच का? मीच का केलं हे?

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दोन खेपांमध्ये वजन वाढलं की धोका वाढतो, हे खरं. तुम्ही सहा किलो उतरवलेत, त्याचा उपयोग झाला असणार, हेही खरं. पण वजन हे एकच कारण नसतं. आधी एकदा झालं असेल तर पुन्हा होऊ शकतं. पहिलटकरणींना जास्त होतं. अगदी बारीक बायकांनाही होतं. "तुम्ही मुद्दाम काही केलेलं नाही," असं म्हणाल्या.

घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. नवरा हं हं म्हणाला. सासूबाई मध्येच उठून आत गेल्या. भिंतीला सांगितलं असतं तर बरं!

२६ मार्च

काडीनं या खेपेची तपासणी बुडवली. मला काय धाड भरलीय, म्हणते. दोन दिवस डोकं दुखतंय, तर सासूबाई म्हणाल्या मोबाईल कमी बघ. आज म्हणते अक्षरं पुसट दिसतात. लगेच हुकूम सुटला — वहिनीच्या दुकानात जाऊन नंबर काढून घे.

म्हणजे मी दोन घास जास्त खाल्ले की सगळं घर डॉक्टर. आणि ती आंधळी होत चालली तरी चष्मा बदला!

२८ मार्च

रात्र झाली. तरी लिहिते.

सकाळी काडी दुकानात आली. डोळे तपासणाऱ्या काकांनी तिला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलून बदलून पाहिलं. नंबर तोच, मागच्या वर्षीचाच. मी चष्मा पुसून तिच्या नाकावर चढवला, तर दांड्या कानशिलावर रुतल्या. तोंड सुजलेलं. रोज एका टेबलावर जेवतो आणि मी पाहिलं नव्हतं! आमच्या घरात पाहायचं असतं ते फक्त माझं ताट.

ती सहज बोलली, "वहिनी, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात गं."

ठकीच्या वेळी मलाही तसेच चमकले होते, आणि मी त्यांना थकवा समजून संध्याकाळपर्यंत काम करत राहिले होते.

मालकांना सांगून तिला तशीच घरी नेली, घर चार पावलांवर. यंत्राचा पट्टा माझ्या दंडाच्या मापाचा, तिच्या हाताला सैल. तरी एकशे सत्तर! पुन्हा लावला. तेच. सासूबाई म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल, ही कुठे जाड आहे. मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले — आता जाड-बारीक नको, रिक्षा बोलवा!

त्या जागच्या हलल्या नाहीत. हातात ओलं फडकं, चेहरा पांढरा. मला वाटलं, रागावल्या. मग मीच रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात लगेच आत घेतली. इंजेक्शनं चालू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत थांबला असतात तर झटके आले असते. घरात कुणाला असं झालं होतं का, आईला, बहिणीला, असंही विचारलं. मागून आलेल्या नवऱ्यानं नाही म्हणून सांगितलं. सासूबाई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

३० मार्च

काल काडीचं सिझेरियन झालं. मुलगी. इवलीशी, काचेच्या पेटीत. दोघी ठीक. काडीचं बीपी अजून खाली यायचंय. जहाजावर निरोप गेला.

माझं बीपी आज सकाळी नॉर्मल. सांगायला कुणी घरात नव्हतं.

२ एप्रिल

सासूबाई पेटीच्या काचेशी उभ्या होत्या. मी शेजारी गेले तर हळूच म्हणाल्या, "माझी पहिली एवढीही नव्हती."

नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती त्यांना. नवऱ्याला माहीत नाही, काडीला माहीत नाही. झटके आले, शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्या तोवर बाळाला नेऊन पुरलंही होतं. तेव्हा त्या काडीहून बारीक होत्या. सगळे म्हणाले, हिनं खाल्लं नाही म्हणून गेलं.

मी विचारलं, नाव ठेवलं होतं का?

म्हणाल्या, "मनात ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.