आधी मान धरायची

चि. सुकदेव यास धुळ्याहून अक्काचे आशीर्वाद.

आम्हा नर्सबायांचं अपघाताचं प्रशिक्षण नीट चाललंय, जेवणही बरं आहे. घरी प्रमिलाचा खोकला थांबला का?

काल शिकवलं, अपघातातल्या माणसाची आधी मान धरायची, मग त्याला फळीवर घ्यायचं; मान हलली तर श्वास बंद पडू शकतो. त्या अपघातानंतर तुझ्या दाजींना तुम्ही हातापायांना धरून टेम्पोत घातलं, तेव्हा ते बोलत होते. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला.

मी विचारलं, "हे आम्हाला आधी का नाही शिकवलं?"

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे तर जुनंच आहे."

जुनं आहे, आणि इतकी वर्षं नोकरी करून मला काल कळलं. राग त्याचा आहे, तुझा नाही. स्वतःला दोष दिलास तर माझ्याशी गाठ आहे.

नशिराबादच्या आपल्या दुकानात एक रुंद फळी आणून ठेव. रविवारी येते. पहिल्यांदा तुलाच आडवं पाडून शिकवीन.

तुझी अक्का