नाईक लवू घाडी यांचे पदक

मी, ह्युबर्ट पास्कोल मिरांडा, वय वर्षे अडुसष्ट, सरकारी टांकसाळीतील निवृत्त कोरीव कारागीर, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. हृदय शाबूत नाही असे डॉक्टर गोम्स म्हणतात, पण मृत्युपत्रासाठी कायदा हृदयाची चौकशी करत नाही. मी रागात आहे हेही इथेच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोर्टात उभे राहून कोणी "म्हातारा रागाच्या भरात होता" असे सांगून नवीन काही सांगितल्याचा आव आणू नये. वर्षभर मी रागातच आहे. त्यात माझी शुद्ध एक दिवसही हरपलेली नाही.

१९५१ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझा पुतण्या बर्नार्ड याचे नाव नऊ वेळा आले होते.

१. मरोळचे राहते घर, मागची विहीर आणि विहिरीजवळचे दोन आंबे माझी मुलगी एथेल हिला देतो. ती शाळेत शिकवते. तिने लग्न केले नाही, ते तिचे तिने ठरवले. बर्नार्डच्या आईने मला चर्चच्या पायरीवर थांबवून सांगितले होते, "पोरीला घर देऊन काय करणार? घर मिरांडांचंच राहू दे ना." एथेल मिरांडाच आहे.

२. पोस्टात जे काही आहे तेही एथेलला. माझ्या मयतीला बँड लावू नये.

३. माझ्या कोरण्या, लहान हातोडी, सांडशी आणि दोन्ही भिंगे वनमालाबाईंना द्यावीत. त्या अंधेरी स्टेशनाबाहेर भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावे घालतात. त्यांची अक्षरे माझ्याइतकी सरळ नाहीत. पण नाव घालण्याआधी त्या गिऱ्हाइकाला दोनदा विचारतात. मी एवढे शिकलो असतो तर हे मृत्युपत्र एका पानात संपले असते.

४. माझा संग्रह. लढाईतली पदके एकशे बारा, आणि संस्थानांनी आपल्या सरदारांना दिलेले तारे व बिल्ले तेरा. संस्थाने विलीन झाली तेव्हा हे तारे बाजारात रद्दीसारखे आले. कोण खरे, कोण खोटे, हे विचारायला लोक माझ्याकडे येऊ लागले, कारण चोवीस वर्षे मी पदकांच्या कडांवरची नावे पाहिली होती. मी भिंग लावायचो, कागद लिहायचो, खाली माझा शिक्का मारायचो. त्या शिक्क्याला मुंबईत मान होता. मला त्या मानाची चटक लागली होती, हेही लिहितो.

ज्या पदकावर नाव आहे ते त्या नावाच्या घरी एथेलने शोधून परत पाठवावे. ज्यांचे कोणी सापडत नाही ती आणि तेरा तारे तिने विकावेत किंवा ठेवावेत. तारे तेरा का, चौदा का नाहीत, ते पुढे येते.

५. या कलमासाठीच मी लिहायला बसलो.

१९५३ च्या फेब्रुवारीत मालन लवू घाडी नावाची बाई आपल्या दिराला घेऊन माझ्या ओट्यावर आली. राहणार कुर्ला, गिरणीत कामाला, मूळची मालवणकडची. तिचा नवरा लवू घाडी, पलटणीत नाईक, १९४१ साली आफ्रिकेत, केरेनच्या डोंगरात लढताना पडला. त्याला शौर्याचे चांदीचे पदक मिळाले, ते सरकारने पेटीतून तिच्याकडे पाठवले. कुर्ल्याच्या चाळीत त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. तिथे लवूचा फोटो होता आणि वर्षातून एकदा पदक फोटोखाली ठेवून हार घालायचे. मग मंडळात भांडण झाले आणि कोणीतरी म्हणाले की लवू घाडीला पदक मिळालेलेच नाही, ते चोरबाजारातून आणलेले आहे.

"माका येक कागद होयो," ती म्हणाली. "तुमच्या सयेचो."

पदक मी ठेवून घेतले. पलटणीच्या दप्तराला पत्र लिहून नाव पडताळून घ्यायचे ठरवले. माझा इंग्रजी पत्रव्यवहार बर्नार्ड पाहायचा. भावाच्या मागे मी त्याला वाढवले, कडा वाचायला शिकवले, माझ्या टेबलाची किल्ली दिली. पत्र त्यानेच टाइप केले. मार्च गेला. मी विचारले की तो म्हणायचा, "काही आलं नाही, अंकल."

एप्रिलमध्ये बाई परत आली, दीरही बरोबर होता. मी थांबायला हवे होते. पण पदकावरचे नाव सरकारी पदकांवर असते तसे ठशांनी उठवलेले नव्हते, हाताने कोरलेले होते, आणि मला पत्राची गरज काय, मी मिरांडा. मी म्हणालो, "बाई, हे खोटं आहे. नाव मागाहून घातलंय."

"सरकारान पेटयेत घालून धाडलेला," ती म्हणाली.

"पेटी कोणाचीही असते."

हे मी एका विधवेला म्हणालो, माझ्या ओट्यावर, शेजारी ऐकत असताना. ती रडली नाही. तिने पदक पदरात बांधले आणि पायऱ्या उतरली. फाटकाशी दिराने ते तिच्या पदरातून सोडवून घेतले. "खोटी वस्तू घरात कित्याक?" म्हणाला आणि तिथेच उभ्या असलेल्या बर्नार्डला ते चांदीच्या भावाने देऊन टाकले. हे मी पाहिले. मला ते योग्यच वाटले. त्या आठवड्यात मंडळाने लवूचा फोटो भिंतीवरून काढला.

साडेतीन वर्षे गेली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शेठने मला संग्रह पाहायला बोलावले. त्याच्या कपाटात, मखमलीवर, नाईक लवू घाडीचे पदक होते. शेजारी चौकटीत एक इंग्रजी पत्र. पलटणीच्या दप्तराचे. नाव, नंबर, हुद्दा नोंदीशी जुळतो. लढाईच्या गर्दीत त्या खेपेची नावे हातानेच कोरली गेली, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तारीख अकरा मार्च १९५३. वर पत्ता होता: ह्युबर्ट मिरांडा, मरोळ.

"तुमच्याच नावाचं पत्र आहे, मिरांडासाहेब," शेठ म्हणाला. "म्हणून तर मी डोळे मिटून घेतलं. पुतण्या हुशार आहे तुमचा."

मी घरी येऊन बर्नार्डला समोर बसवले. एथेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती साक्ष देईल.

"अंकल, तुम्ही तर खोटं म्हणाला होतात. मी फक्त विकत घेतलं," तो म्हणाला.

"पत्र मार्चचं आहे. मी खोटं म्हणालो एप्रिलमध्ये."

 तो म्हणाला, "मग पत्राची वाट बघायची होती ना. तुम्हाला घाई कोणी केली होती?"

  मी त्याला घराबाहेर काढले, आणि त्या प्रश्नासाठी मी त्याच्यावर जितका चिडलो तितका पत्र लपवल्याबद्दलही चिडलो नाही.

शेठ पदक द्यायला तयार नव्हता. मी त्याला बाईची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "वाईट झालं. पण माझा काय दोष?" शेवटी मी माझा चौदावा तारा त्याच्यासमोर ठेवला. काठेवाडातल्या एका दरबाराचा, आठ टोकांचा, निळ्या मिन्याचा, कारागिराच्या निशाणीसकट. तसा दुसरा मी पाहिलेला नाही. शेठने तो उचलला आणि पदक व पत्र माझ्याकडे सरकवले. सौदा संपेपर्यंत त्याने मला बसा म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुर्ल्याला गेलो. मालनबाई पाणी भरत होत्या. मी बाजूला घेऊन हळूच सांगितले की पदक खरे आहे, माझी चूक झाली, हे घ्या.

त्यांनी हात पुढे केला नाही. "तेव्हा तुमी मोठ्यान सांगितलास," त्या म्हणाल्या. "आता हळू कित्याक सांगतास?"

मी तसाच परत आलो. चार दिवस मला त्यांचाही राग आला होता, खोटे का लिहू. एवढा तारा घालवून मी गेलो आणि बाईने हातही लावला नाही. पाचव्या दिवशी एथेल म्हणाली, "पपा, त्यांनी तुमच्याकडे तारा मागितला नव्हता."

रविवारी मंडळाच्या खोलीत तीस-पस्तीस माणसे जमली. मी उभा राहून पत्र वाचले, मराठीत सांगितले. नाईक लवू घाडी यांचे पदक खरे आहे, खोटे म्हणणारा मी होतो, आणि मी न पडताळता बोललो. दीर दाराशी होता तो निघून गेला. फोटो माळ्यावरून काढला, काच पुसली, परत लावला. मालनबाईंनी पदक माझ्या हातातून घेतले. आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तेव्हा खोटं, आता खरं. उद्या हेच पुन्हा फिरतील."

मी म्हणालो, "उद्या मी नसेन. म्हणून लिहून ठेवतो."

तर लिहितो: ते पदक माझे कधीच नव्हते, माझ्या मिळकतीत येत नाही, आणि त्याच्यावर माझ्या कोणत्याही वारसाचा, शेठचा वा बर्नार्डचा हक्क नाही. पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. या कलमाची प्रत मंडळाच्या खोलीत फोटोशेजारी लावावी.

६. बर्नार्डला मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही. त्याने माझ्या नावाने, माझा शिक्का मारून, सात खोटे कागदही केल्याचे मला कळले आहे. त्यांची यादी एथेलकडे आहे. ज्यांच्याकडे ते कागद असतील त्यांनी पदके दुसऱ्या जाणकाराला दाखवावीत. माझ्या मयतीला त्याने यावे. खांदा देऊ नये.

७. चंद्रप्रकाश शेठला कळवावे की त्याच्या कपाटातील वरच्या खणातला सोनेरी क्रूस, जो तो पाहुण्यांना सर्वात आधी दाखवतो, भुलेश्वरात ओतलेला, नकली आहे. त्याबद्दल त्याने मला कधी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

८. माझा शिक्का कोणाला मिळणार नाही. काल तो मी कानशीने घासून सपाट केला. एथेलने विचारले, वाईट वाटतंय का. वाटले. पण घासत राहिलो.

९. हे सर्व अमलात आणण्याची जबाबदारी एथेलची. तिला घाई करू नये.

वरचा मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. मुक्काम मरोळ, रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९५७.

सही: ह्युबर्ट पास्कोल मिरांडा

साक्षीदार पहिला: डॉ. रोझारिओ गोम्स, मरोळ. लिहून देणार शुद्धीवर आहेत. सही.

साक्षीदार दुसरी: मालन लवू घाडी, कुर्ला. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही, म्हणून यांची साक्ष चालते असे वकिलांनी सांगितले. सहीखालच्या दोन ओळी यांनी आपल्या हाताने लिहिल्या आहेत. मी त्या खोडलेल्या नाहीत.

सही: मालन लवू घाडी

सगळा वाचून सही केली. पदक खरा आहे
हे मला कोणी सांगायला नको होता.