टाकीतले ठोके

बीरगांव, रायपूर
मंगळवार

प्रिय पांडुरंग यास धर्मपालचा जय भीम. (तुले रामराम लागत असेल तर तो घेजो, एका लिफाफ्यात दोन्ही मावतात.) गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे तुझं. दुसरा गुडघा कधी? माझी साखर कलावतीच्या ताब्यात आहे, म्हणून बरी आहे. भावना आणि जावई भिलाईले सुखात आहेत. वहिनींले नमस्कार. फोन काहून नाही केला म्हणशील, तर मी फोनवर बोललो की आख्खा पारा (इथं मोहल्ल्याले पारा म्हणतात) ऐकते, आणि हे कोणी ऐकण्यासारखं नाही.

नेव्ही सोडल्यावर मी रेल्वेत रायपूरच काहून धरलं, ते तुले माहीत आहे. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं होतं, दोन्हीकडचा समुद्र इथून चांगला लांब पडते. मग चाळीसच्या वर वर्षं मी निव्वळ घरचा माणूस होऊन राहिलो. भावनाचा डबा मी भरत होतो, वेणी मी घालत होतो (गाठ खलाशाची, सोडवायले कलावतीले कात्री लागे). बूढा तालाबवर फिरायले नेलं की पोट्टीच्या कमरेले दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या मुठीत. लोक हसत. पोट्टी तेव्हा दहावीत होती, म्हणून जरा जास्तच हसत. घरातल्या एकाही दाराले मी कडी लावू दिली नाही, न्हाणीच्याही नाही. जावई पहिल्यांदा मुक्कामी आले तर आंघोळ होईतो मोठमोठ्यानं गाणी म्हणत होते. आम्हाले वाटलं, हौशी आहेत.

तर चैत्रापासून आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत ठोके वाजून राहिले. दुपारी चारच्या सुमारास. आधी तीन, मग थांबून दोन. पहिल्या दिवशी वाटलं, माकड असेल. वर गेलो तर कोणी नाही, झाकण बंद. टाकीले हात लावला तर ठोका आतून तळहातावर आला. बाबाराव प्लंबरले बोलावलं. तो म्हणाला, "काका, गरमी से फैलती है." मी म्हटलं, फैलताना मोजून फैलते काय? त्यानं टाकी पार रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी चारले मुद्दाम येऊन बसला. कोरड्या टाकीतून तीन आले, मग दोन. बाबाराव चहा न घेता गेला. त्याची पान्यांची पिशवी अजून आमच्याचकडे आहे, न्यायले येत नाही. कलावती म्हणाली, बाजूच्या उरला गावच्या लोखंड मिलचा आवाज असेल. मिल तीन दिवस बंद होती, ठोके चालू होते. झाकण उघडलं तर जळक्या तेलाचा वास. आतून बोट फिरवून चाखलं तर खारट. कलावती म्हणते, बोअरचं पाणीच तसं. पण इतकी वर्षं त्याच पाण्यात वरण शिजलं, मीठ वरून घालावं लागलं.

आता जे तुले ठाऊकच आहे तेच लिहितो, कारण मी ते आजवर कोणाजवळ बोललो नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात आपल्या जहाजाच्या कुशीले बॉम्ब लागला आणि खालच्या खोलीत पाणी भरू लागलं. साहेबांनी वरून विचारलं, "खाली कोणी आहे?" त्या खोलीच्या झाकणाजवळ तू आणि मी दोघंच. मी म्हणालो, "कोणी नाही." आपल्यासोबतच्या रामकृष्णाले शिडी चढून वर येताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरीचा, राधिकाचा, फोटो आणायले तो परत उतरला, ते नाही पाहिलं. झाकण लावलं, चाक आवळलं, तेव्हा खालून ठोके आले. तीन, मग दोन. साहेब म्हणाले, उघडलं तर सगळेच जाऊ. ते खरंच होतं. मी पाना घेऊन उत्तर देत राहिलो. तो तीन-दोन, मी तीन-दोन, पंधरा-वीस मिनिटं. मग मी एकटाच. नंतर त्याच्या घरी जाऊन आपण त्याच्या बायकोले, लताबाईले सांगितलं, एका क्षणात गेला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, त्रास नाही झाला." तू मान हलवली. मी प्यायले पाणी मागितलं, आणि मग ते पिववलं नाही.

गेल्या गुरुवारी कलावती भाजीले गेली तशी मी चावीनं टाकीवर उत्तर दिलं. वाटलं, त्याचं समाधान होऊन जाईल. तर ठोके घाईघाईनं येऊ लागले. मग मले राहवलं नाही. स्टूल ठेवला आणि शहात्तराव्या वर्षी टाकीच्या तोंडातून आत उतरलो, बाबारावनं रिकामी केल्यावर ती भरलीच नव्हती. (वाळलेला असण्याचे फायदे आहेत.) आत कोणी नाही. काळोख, तेलाचा वास, आणि मी. हात वर केले तर तोंडापर्यंत पोचतात, पण अंग उचलत नाही. तेवढ्यात ठोके आले, पांडुरंग, पण बाहेरून. तीन, मग दोन. भीती वाटायले पाहिजे होती. पण आत कोंडलेल्या माणसाले बाहेर कोणी आहे एवढं कळलं की इतकं बरं वाटते, हे मले माहीत नव्हतं. शेजारच्या दोघांनी बगलेत धरून मले वर ओढलं. तेव्हापासून पाऱ्यात मले "टंकी वाले काका" म्हणून राहिले.

वहिनींची आणि गुडघ्याची काळजी घेजो.

तुझा,
धर्मपाल

ता.क. जमलं तर चार दिवस येजो. रामकृष्ण परत खाली उतरला, ते तू पाहिलं होतं काय? तेवढं खरं सांगजो.

ता.क. दुसरा. पांडुरंगभाऊजी, मी कलावती. पत्र टाकायले माझ्याजवळ दिलं, मी वाचलं. रामकृष्णभाऊंचं मले आजच कळलं. गुरुवारी मी भाजीले गेली नव्हती, जिन्यात उभी होती. हे टाकीत रडत होते. मले दुसरं काही सुचलं नाही, म्हणून रोज ऐकते तसे ठोके मीच दिले, आणि मग शेजाऱ्यांले हाक मारली. तुम्ही लवकर या, आणि "कोणी नाही" हे तुम्हीही म्हणाले होते असं यांले सांगा. खोटं असेल तर माझ्यासाठी खोटं बोला. आता चार वाजले. हे खाली झोपून आहेत आणि वर वाजून राहिलं. हे उठायच्या आधी मी जाऊन उत्तर देते.