शिंप्याच्या पडद्याआडची देखरेख

चि. ठमूस (बैठकीत असतो तर 'माननीय व्यवस्थापकीय संचालिका' म्हटलं असतं),

मामाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. मामीचा रक्तदाब आणि माझे गुडघे आपापल्या जागी आहेत. तुझी कंबर कशी आहे? (मला कसं कळलं, ते पुढे येईलच.)

तर झालं असं. कंपनीचे पंखे बिघडले की दोन दिवसांत घरी जाऊन दुरुस्त करायचे, ही तुझी योजना आम्ही संचालकांनी मंजूर केली, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो माझा. तेव्हापासून दर बैठकीत तू तक्त्यावर 'सगळं ठीक'चे हिरवे ठिपके दाखवतेस, अध्यक्ष घड्याळ बघतात आणि आम्ही माना डोलावत बिस्किटं संपवतो. योजना खरंच चालली आहे की नाही यावर देखरेख ठेवणं हे आमचं काम. ते आम्ही असं पार पाडतो. पण मी पडलो दातांचा डॉक्टर. 'काही दुखत नाही' म्हणणारा पेशंट खुर्चीचा हात घट्ट धरून बसला की मला समजतं. मागच्या बैठकीत तू टेबलाची कड तशीच धरली होतीस.

सरळ विचारायचं सोडून मी हेरगिरी केली. घरच्या टेबलफॅनची एक वायर उपटली (मामीला वाटतं तो आपोआप गेला, वाटू दे), तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे ठेवला आणि त्याच्या नावाने तक्रार नोंदवली. मेकॅनिक आल्याची चाहूल लागताच, गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात त्या पडद्याआड मी शिरलो. तिथे एक अर्धवट शिवलेला कोट होता. त्याच्या टाचण्या नको तिथे टोचत होत्या. आणि फटीतून बघतो, तर मेकॅनिक म्हणजे तू. एका हातात पेटी, दुसरा कमरेवर.

थोड्या वेळाने शिंप्याने पडद्याखालून एक स्टूल आत सरकवलं. भला माणूस. मी टेकलो, तेवढ्यात त्याने तुला विचारलं, कंपनीत मेकॅनिक नाहीत का?

"या पगारात टिकत नाहीत," तू म्हणालीस. "सुट्टीच्या दिवशी मीच फिरते. वर सांगायला हवं, पण मामांनी सगळ्यांत आधी हात वर केला होता. त्यांची मान खाली जाईल."

ठमे, माझे डोळे भरून आले (टाचण्यांमुळे नव्हे). अगं, लोकांच्या तोंडात डोकावून माझी मान कधीचीच खाली वाकली आहे. तिच्यासाठी तू स्वतःची कंबर मोडून घेऊ नकोस. काय अडलंय, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. हिरवं दिसलं की आम्ही सुटलो.

तुझा,
मामा

ता.क. बुधवारच्या बैठकीत लाल ठिपका दाखव. पगार वाढवायचा की दोन दिवसांचे चार करायचे, ते सगळे मिळून ठरवू. अध्यक्ष डोळे वटारतील, योजना गुंडाळा म्हणतील. म्हणू देत. तुझ्या बाजूने पहिला हात माझाच असेल.

आणखी ता.क. पाकीट चिकटवणार, तोच शिंपी पंखा घेऊन आला. स्टुलाबद्दल मी त्याचे आभार मानले, तर म्हणाला, ते बाईंनीच खुणेने द्यायला सांगितलं. पडद्याखालून तुमच्या चपला दिसत होत्या. म्हणजे ते सगळं तू मलाच सांगत होतीस. बुधवारी मी तुझ्या समोरच बसेन. तसंच सांग.