काम मागणारा माणूस

अम्मान,
मंगळवार

आदरणीय नौफल मामा,

सलाम. दिवसभर उभं राहून धरलेली तुमची कंबर आता सुटली असेल आणि मामींनी तुमची सिगारेट बंद केली असेल (नसेलच), अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. आई तुम्हाला रोज दुवा देते. मी मात्र तक्रार घेऊन बसलो आहे.

आमच्या बड्या साहेबांची दाढी करताना, वस्तरा नेमका गळ्याशी असताना, तुम्ही एवढंच म्हणालात की भाचा पदवीधर झालाय. नोकरी लागली. पण मी रुजू झालो त्या दिवशी साहेब आमच्या पाणीपुरवठा खात्यात आले ते गळा चाचपत, आणि आमच्या विभागप्रमुखांना, अबू घालिबना, म्हणाले, "या पोराला अजिबात त्रास होता कामा नये." हा पोरगा कोणाचा, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. तेव्हापासून मला कोणी कामच देत नाही.

विद्यापीठात मी पाणीपुरवठ्याची गणितं घासली ती याकरता का? मी खिडकी लावायला उठलो तर अख्खा विभाग उठतो. (एकदा शिंकलो, तर पंखाच उतरवून नेला.) शेवटी न राहवून अबू घालिबना म्हणालो, "साहेब, मला काहीतरी काम द्या." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं काही चुकलं का रे, बाळा? दोन मुली उजवायच्या राहिल्यात माझ्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी घरून मनसफचं, मटण-भाताचं भलंमोठं ताट आणलं. टंकलेखन करणाऱ्या इम हैथम मावशींनी मला बाजूला घेतलं. "असं काम मागून माणसांना घाबरवू नये. कोणावर राग आहे, नाव सांग. आम्ही मिटवतो ना!"

हेही चाललं असतं. पण गुरुवारी माझी उमेदवारी संपते. मी काय काम केलं, याचा शेरा प्रमुखांनी द्यायचा. न दिला तर नोकरी गेली. अबू घालिब पेन उचलतात, माझ्याकडे बघतात आणि रक्तदाबाची गोळी घेतात. चांगलं लिहावं तर खुशामत दिसेल, वाईट लिहावं तर स्वतःच घरी जातील.

तेव्हा मामा, एकदा कात्री घेऊन खात्यात या आणि सर्वांदेखत सांगा की तुम्ही साधे न्हावी आहात. मग कोणीतरी माझ्यावर खेकसेल, अंगावर फायली टाकेल, आणि मी माणसांत येईन.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
उसैद

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं आणि गुरुवार उलटला. येऊ नका. शेरा मिळाला : 'यांच्या केवळ उपस्थितीने विभागाला शिस्त लागली.' नोकरी पक्की. (नीट विचार केला तर हेही एक कामच आहे.)

ता. क. २ : आज लुजैन नावाची नवी पदवीधर मुलगी रुजू झाली. आल्या आल्या सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, मला काहीतरी काम द्या ना." मला दरदरून घाम फुटला. माझी खुर्ची तिला दिली आहे, चहा मागवला आहे आणि हे उभ्यानं लिहितो आहे. मामा, तुमच्या दुकानात सगळं शहर येतं. ही कोणाची भाची, तेवढं तातडीनं कळवा.